रक्ताची गाठ, गुठळी की थक्का?

प्रश्न (रामबाग, इंदूर): काकूंची स्वादुपिंडाच्या कॅन्सरची केमो सुरू व्हायची आहे. डॉक्टर म्हणाले, "थक्का बनने का ख़तरा है, कुछ मार्कर देखेंगे." काकांनी घरी सांगितलं, "रक्तात गाठ होऊ शकते." आजींनी धसकाच घेतला, आणखी एक गाठ? नेमका शब्द कोणता? आणि 'मार्कर'ला काय म्हणू?

— गुठळीच म्हणा. कॅन्सरच्या घरात 'गाठ' म्हटलं की ट्यूमरच डोळ्यांपुढे येतो. रक्त गोठतं किंवा साकळतं, त्यातून होते ती गुठळी. मुका मार लागून कातडीखाली काळंनिळं होतं, तिथंही रक्त साकळलं म्हणतात, म्हणून 'शिरेत गुठळी' असं पुरतं सांगावं. 'थक्का' आपल्याकडे सगळ्यांना कळतो, बोलताना खुशाल वापरा.

— मी लॅबमध्ये आहे. 'मार्कर' ऐकून लोक सीए १९-९ सारख्या ट्यूमर मार्करशी, म्हणजे कॅन्सरचा मागोवा घेणाऱ्या रक्तचाचणीशी, गल्लत करतात. इथे मी 'जोखीमदर्शक' म्हणते. २००८ साली डॉ. आलोक खोराना यांनी केमोच्या रुग्णांतली गुठळीची जोखीम मोजायला मांडलेल्या गुणांकात बरेचसे आकडे साध्या सीबीसीतलेच (रक्तपेशींच्या मोजणीतलेच) आहेत, केमोच्या आधीचे: प्लेटलेट साडेतीन लाख किंवा जास्त, हिमोग्लोबिन १० पेक्षा कमी, पांढऱ्या पेशी ११ हजारांवर. प्रत्येकी १ गुण. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) ३५ किंवा वर असेल तर आणखी १. जठर आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरला मात्र २ गुण सुरुवातीलाच, म्हणजे काकूंचे २ झालेच. ३ पासून जोखीम जास्त धरतात; हल्ली २ गुणांनाही डॉक्टर रक्तस्रावाचा धोका पाहून प्रतिबंधक औषधाचा विचार करतात.

डी-डायमर ही रक्तचाचणी वेगळी. गुठळीतली फायब्रिन या प्रथिनाची जाळी विरघळताना सुटणारा तो तुकडा. पण संसर्ग, ऑपरेशन, उतारवय, खुद्द कॅन्सर, कशानेही वाढतो. म्हणून 'डी-डायमर वाढला' याचा अर्थ 'गुठळी झाली' असा घरी कुणी सांगू नये. दर्शक म्हणजे निदान नव्हे.

— एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं किंवा एकाएकी धाप लागली, तर रिपोर्टची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.

प्रश्नकर्ती: आजींना 'गुठळी' लगेच कळलं. पण 'रक्त पातळ करायची गोळी' म्हटल्यावर त्या म्हणतात, आधीच अशक्तपणा, त्यात रक्त पातळ कशाला?

— त्या औषधानं रक्त पातळ होतच नाही, गोठण्याची क्रिया मंदावते. 'गुठळी होऊ न देणारं औषध' म्हणा. लांबलचक आहे, पण आजींना तेच पटेल.