निकेल कोबाल्टाईटचे 1200 फॅरड प्रति ग्रॅम: प्रकल्पात लिहावे का?

प्रश्न
नमस्कार. मी इंदूरमध्ये भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. निकेल फोमवर (निकेलच्या सच्छिद्र, स्पंजसारख्या पत्र्यावर) हायड्रोथर्मल पद्धतीने, म्हणजे बंद भांड्यातल्या गरम पाण्याच्या द्रावणातून, निकेल-कोबाल्टचा थर चढवून, 350 अंश सेल्सिअसला हवेत भाजून मी निकेल कोबाल्टाईटचा (निकेल व कोबाल्टच्या मिश्र ऑक्साईडचा) वीज साठवणारा इलेक्ट्रोड केला. पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या द्रावणात, तीन इलेक्ट्रोडच्या मांडणीत, 0.5 व्होल्टच्या पट्ट्यात 1200 फॅरड प्रति ग्रॅम धारकता (एका व्होल्टमागे साठणारा प्रभार) मिळते. मात्र डिस्चार्जची (वेळेनुसार उतरणाऱ्या व्होल्टेजची) रेषा सरळ न उतरता मध्येच सपाट होते. हा आकडा द्यावा का?

पहिले उत्तर
फॅरडमध्ये देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एका व्होल्टमागे साठणारा प्रभार संपूर्ण पट्ट्यात जवळजवळ सारखा असेल, तरच धारकता या शब्दाला अर्थ राहतो. रुथेनियम ऑक्साईड आणि मँगनीज डायऑक्साईड यांचा सीव्ही आलेख (चक्रीय व्होल्टामेट्री: व्होल्टेज वर-खाली फिरवताना वाहणाऱ्या प्रवाहाचा आलेख) म्हणूनच आयताकडे झुकतो. निकेल व कोबाल्ट अल्कलीत ठळक रेडॉक्स शिखरे (ठरावीक व्होल्टेजलाच होणाऱ्या ऑक्सिडीकरण-क्षपण अभिक्रियांचे उंचवटे) दाखवतात, म्हणजे त्यांचे वागणे बॅटरीचे आहे. 1200 ला 0.5 ने गुणल्यावर येणारे 600 कूलॉम, अर्थात सुमारे 167 मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम, हीच खरी नोंद. मिश्र ऑक्साईडचे महत्त्व त्याने उणावत नाही: निकेल ऑक्साईडपेक्षा ते वीज कितीतरी चांगली वाहते आणि दोन्ही धातू अभिक्रियेत भाग घेतात.

दुसरे उत्तर
ताई, कोरा फोम मोजला आहे का? हवेत भाजताना फोमच्या पृष्ठभागावरही निकेल ऑक्साईड धरते आणि तेही प्रभार साठवते. थर पातळ असेल, तर हा वाटा सगळा तुमच्या पदार्थाच्या नावावर जमा होतो. त्याच भट्टीतून काढलेला कोरा फोम मोजून तेवढा प्रभार वजा करावा.

प्रश्नकर्ती
थर चौरस सेंटीमीटरला 1.1 मिलिग्रॅम आहे. कोरा फोम या आठवड्यात मोजते. पूर्ण सेलमध्ये (समोर दुसरा साठवणारा इलेक्ट्रोड जोडल्यावर) काय अपेक्षा ठेवावी?

पहिले उत्तर
समोर सक्रियित कार्बन ठेवला आणि त्याने एका व्होल्टमध्ये ग्रॅममागे 200 कूलॉम दिले, तर प्रभार जुळवण्यासाठी तो तिप्पट वजनाचा लागेल. म्हणजे दोन्हींच्या एकूण वजनावर 600 चे 150 कूलॉम उरतात. शिवाय 1.1 मिलिग्रॅमचा थर ग्रॅमची चार दशांश स्थळे (0.1 मिलिग्रॅम) दाखवणाऱ्या तराजूवर तोलला असेल, तर वाचनातच दहा टक्क्यांच्या आसपास चूक संभवते. पाच स्थळांचा तराजू मिळवून वजन पुन्हा घ्यावे.