लिंबची बारा मोटेची विहीर: शिवाजी महाराजांच्या काळातली का?

फिरस्ता: रविवारी साताऱ्याला जाताना लिंब फाट्यावरून आत जाऊन विहीर बघितली, भारीच आहे, पायऱ्या उतरून आत गेलं की विहिरीतच छोटा महाल, सिंह हत्ती कोरलेले. तिथं एकजण सांगत होता १६४१ ते १६४६ मधली म्हणजे शिवाजी महाराजांच्या वेळची, दुसरा म्हणतो शाहू महाराजांची (शिवाजी महाराजांचे नातू, साताऱ्याचे). नक्की काय? आणि मोटा (पाणी उपसायच्या कातडी पिशव्या) बारा का पंधरा?

जुना_सातारकर: शाहू महाराजांच्या वेळची. अहो तो १६४१ ते १६४६ आकडा शालिवाहन शकाचा आहे, इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा, १७१९ ते १७२४ येतं. बांधून घेतली विरूबाई भोसल्यांनी, दारावर शिलालेख आहे तो न वाचताच लोक रील टाकतात त्याला काय करणार. विरूबाई लग्नाच्या राणी नव्हत्या पण शाहू महाराजांच्या वाड्यात त्यांचा शब्द चालायचा.

आमराई: आमच्याकडं सांगतात इथं ३३०० आंब्याची झाडं होती, त्यांच्या पाण्यासाठी ही विहीर. नाव बारा मोटेचं असलं तरी जागा पंधरा मोटांची आहे, वर जाऊन मोजा. आता मोट म्हणजे काय हेच पोरांना माहीत नाही. कातड्याची मोट खाली सोडायची, बैल धावेवरनं (विहिरीपासनं खाली जाणाऱ्या उताराच्या वाटेवरनं) चालले की नाडा म्हणजे जाड दोर ओढला जाऊन भरलेली मोट वर येते आणि थारोळ्यात म्हणजे वरच्या दगडी कुंडीत रिकामी होते, मग बैल उलटे मागं मागं. ११० फूट खोल विहीर, एकाच वेळी पंधरा जोड्या चालत असतील तर काय आवाज असेल विचार करा!

फिरस्ता: ७८ चं डोक्यातच आलं नाही 😅 आणि विरूबाईंची ती औरंगजेबाची गोष्ट सांगतात ती खरी का?

जुना_सातारकर: ती दंतकथाच समजा. शाहू महाराज औरंगजेबाच्या कैदेत असताना त्यांचं लग्न झालं, बादशहा म्हणाला सूनबाई दाखवा, तर नवरीच्या जागी विरूबाईंना नटवून पाठवलं असं सांगतात. महालात गुप्त खलबतं चालायची हेही ऐकीवच.

आमराई: पुढच्या वेळी वरून बघा, आठ कोनी विहीर आणि तिला जोडलेली चौकोनी, दोन्ही मिळून पिंडीसारखा आकार दिसतो. आणि काठावर बसून सेल्फी नको, कठडा लै बुटका आहे.