शब्दचर्चा: ‘प्युअरब्रेड’ म्हणजे जातिवंतच का?

प्रश्न
इंग्लंडमधल्या जुन्या श्वानप्रदर्शनांवरचा एक लेख मराठीत आणतेय. ‘प्युअरब्रेड’ला (शब्दशः शुद्ध वंशाचा) बिनदिक्कत ‘जातिवंत’ लिहीत गेले आणि एका वाक्यापाशी अडले. १८५९च्या आधी आजच्या अर्थाने प्युअरब्रेड कुत्री जवळजवळ नव्हतीच, असं तिथे म्हटलंय. मग ‘जातिवंत कुत्री नव्हती’ लिहू? शिकारीची एकाहून एक कुत्री तर तेव्हाही होती! शिवाय ‘पेडिग्री’लाही शब्द हवा आहे. आमच्या घरी त्याचा अर्थ एकच, कुत्र्याचं विकतचं खाणं: “टिपूला पेडिग्री घातलं का?”

प्रतिसाद
ताई, अडलात ते योग्य जागी अडलात. आपला ‘जातिवंत’ गुण बघून ठरतो. खिल्लार खोंड घेताना शेतकरी शिंगं बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो; त्याच्या पणज्याचं नाव विचारत नाही. गवईसुद्धा जातिवंत असतो, आणि त्याचा बाप गात होता की नाही याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

इंग्लंडातही पूर्वी असंच होतं, म्हणून तर कुत्र्यांची नावं कामावरून पडली. सावज दिसलं की थबकून नाकाने दिशा दाखवतो तो पॉइंटर, दबा धरून बसतो तो सेटर. टेरियरमध्ये लॅटिन ‘तेरा’ म्हणजे जमीन आहे, कारण तो बिळात घुसतो. आपण ‘धनगरी कुत्रा’ म्हणतो तसंच. कॉकर स्पॅनियलची गंमत तर बघाच. वूडकॉक पक्षी उठवतो म्हणून कॉकर. पण एकाच आईच्या एकाच वेतातली दोन भावंडं, मोठी झाल्यावर २५ पौंडांच्या आत राहिलेलं कॉकर आणि त्यापुढे गेलेलं स्प्रिंगर किंवा फील्ड! म्हणजे जात तराजूवर ठरायची. सव्वाअकरा किलोंच्या अलीकडे एक जात, पलीकडे दुसरी.

प्रतिसाद
‘पेडिग्री’चं मूळ मजेदार आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘पिए द ग्र्यू’, म्हणजे क्रौंच पक्ष्याचा पाय. वंशावळीत बापाच्या नावाखाली मुलांकडे जाणाऱ्या रेघा मारतात ना, त्या त्यांना तीन बोटांच्या पावलासारख्या दिसल्या. आपल्याला झाड दिसलं, म्हणून वंशवृक्ष. कुत्र्यासाठी मात्र ‘वंशवृक्ष’ जरा जडच होतो, ‘वंशावळ’ पुरे. (टिपूचं पेडिग्री आहे तसंच राहू द्या.)

प्रतिसाद
जात कामावरून ठरायची, या वरच्या मुद्द्यात भर. बदल झाला तो वहीमुळे, म्हणजे वंशाची नोंद ठेवणाऱ्या स्टडबुकमुळे. घोड्यांची स्टडबुक १७९१ सालीच निघाली होती. कुत्र्यांना त्यानंतर ऐंशीहून जास्त वर्षं थांबावं लागलं. त्याआधी आली प्रदर्शनं. जून १८५९मध्ये न्यूकॅसलला कोंबड्यांच्या प्रदर्शनाला जोडून पॉइंटर आणि सेटर मांडले. जेमतेम ६० कुत्री, बक्षीस म्हणून तिथल्याच पेप नावाच्या बंदूकवाल्याच्या बंदुका. पॉइंटरच्या परीक्षकाचा कुत्रा सेटरमध्ये पहिला आला आणि सेटरच्या परीक्षकाचा पॉइंटरमध्ये. आता यावर मी काय बोलणार!

१८७३मध्ये कुत्र्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था, केनेल क्लब, निघाली आणि पुढच्या वर्षी पहिली स्टडबुक छापली, १८५९पासूनच्या प्रदर्शनांतली चार हजारांवर कुत्री तिच्यात. तरी घोळ होताच. निकालात ‘बॉब’ जिंकला असं छापून यायचं, पण कुठला बॉब? आपल्याकडे गल्लीगल्लीत मोत्या असतो तसे तिकडे बॉब आणि स्पॉट. म्हणून १८८०पासून नावांचीच नोंदणी सुरू केली.

बुलडॉगचं उदाहरण तुमच्या लेखात असेलच. बैलावर कुत्री सोडायच्या खेळाला १८३५मध्ये कायद्याने बंदी आली आणि त्याचं काम गेलं. उरला तो नुसता चेहरामोहरा. प्रदर्शनवाल्यांनी मग तोच इतका दाबत नेला की बिचाऱ्याला धड श्वास घेता येईना. याला मी तरी जातिवंत म्हणणार नाही.

प्रश्नकर्ती
म्हणजे ‘प्युअरब्रेड’ला ‘नोंदवंशी’ करू? ‘जातिवंत’ शिकारी कुत्र्यांसाठी राखून ठेवते.

प्रतिसाद
‘नोंदवंशी’ ऐकून मला तलाठी कार्यालय आठवलं. माझा भाचा पिल्लू घ्यायला गेला तेव्हा विकणाऱ्याने त्याला दोनच शब्दांत विचारलं होतं, “पेपरवालं की बिनपेपरचं?” दोन्ही पिल्लं एकाच टोपलीत, एकमेकांच्या कानाला चावत होती. पेपरवाल्याची किंमत दुप्पट. धंद्यातल्या माणसांना शब्द केव्हाच सापडलाय.

प्रश्नकर्ती
‘पेपरवाला’ संपादक छापणार नाहीत हो. ‘कागदोपत्री जातिवंत’ चालेल?

प्रतिसाद
चालेल की! फक्त मराठी वाचक तो टोमणा समजेल.

प्रश्नकर्ती
बुलडॉगच्या परिच्छेदात तोच घालते मग. बाकी ठिकाणी ‘नोंदणीकृत वंशाचा’.