मणिभवन: घर मुळात कोणाचं, आणि आज दिसतं त्यातलं नंतरचं किती?

फेरी_गिरगाव
गावदेवी ते ऑगस्ट क्रांती मैदान अशा फेरीसाठी टाचण करतोय. सोबत शाळेची ३५ मुलं असतील. मणिभवनाबद्दल जिथे तिथे 'गांधीजींचं मुंबईतलं घर' एवढंच लिहिलेलं असतं. मालक कोण होते, संग्रहालय कधी झालं, आणि कुठे काय घडलं? तारखा पक्क्या हव्यात. मुलांना सूतकताईही दाखवायची आहे. आमच्याकडे पेटीचरखा आहे, तो चालेल ना?

जुनी_मुंबई
'गांधीजींचं घर' हे आधी खोडा. घर रेवाशंकर जगजीवन झवेरींचं. गांधीजी तिथे पाहुणे म्हणून उतरत, १९१७ ते १९३४ या काळात. ओळख मात्र त्याच्या कितीतरी आधीची. रेवाशंकरभाई हे गांधीजींचे लंडनपासूनचे मित्र डॉ. प्राणजीवन मेहता यांचे भाऊ. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतलेले गांधीजी मुंबईत मेहतांच्याच घरी उतरले आणि तिथेच त्यांची जैन तत्त्वचिंतक श्रीमद् राजचंद्रांशी गाठ पडली. राजचंद्र रेवाशंकरभाईंच्या जवाहिराच्या पेढीत भागीदार होते. एवढा जुना घरोबा असल्यावर राजकारणाचा सगळा राबता घरात आला तरी यजमानांनी दार बंद केलं नाही. सरकारची नजर असलेल्या माणसाला व्यापाऱ्यानं इतकी वर्षं घर मोकळं ठेवणं ही साधी गोष्ट नव्हे, आणि टाचणांतून नेमकी तीच गळते.

तारखा अशा घ्या:

७ एप्रिल १९१९, सोमवार. रौलट कायद्याविरुद्ध 'सत्याग्रही' हे पत्रक निघालं. किंमत एक पैसा, पत्त्याच्या जागी लॅबर्नम रोड, गावदेवी, म्हणजे मणिभवनाचाच रस्ता. मुद्दाम नोंदणी न करता काढलं होतं. छापखान्याचा कायदा उघडपणे मोडणं हाच त्यामागचा हेतू.

१९ नोव्हेंबर १९२१. प्रिन्स ऑफ वेल्सच्या आगमनाच्या दिवशी, १७ तारखेला, शहरात दंगल उसळली. ती शमावी म्हणून गांधीजींनी इथे उपोषण धरलं.

४ जानेवारी १९३२. गोलमेज परिषदेहून परतून जेमतेम आठवडा झाला होता. गच्चीवर तंबू ठोकून गांधीजी तिथे झोपत. पहाटे पोलीस वर गेले. तो सोमवार, म्हणजे मौनाचा दिवस, त्यामुळे अटकेच्या वेळचं बोलणं कागदावर लिहून झालं. तिथून येरवडा. मुलांना गच्चीचा हा प्रसंग सांगा, तारखांपेक्षा तोच लक्षात राहील.

१९५५ मध्ये वास्तू गांधी स्मारक निधीकडे आली आणि स्मारक झाली.

नीलाकाश
वरच्या यादीत १४ ऑगस्ट १९३१ राहिला, आणि मराठी मुलांना मणिभवन दाखवताना तो वगळून चालणार नाही. गांधीजी आणि डॉ. आंबेडकर यांची पहिली भेट याच घरात झाली. 'मला मायभूमी नाही' हे बाबासाहेबांचे शब्द त्या भेटीतले. दुसऱ्याच दिवशी ते गोलमेज परिषदेसाठी बोटीनं निघाले. गांधीजी २९ ऑगस्टला. भेट कडवट झाली होती, ती गोड करून सांगू नका.

पेळूवाले
चरख्याबद्दल. पेटीचरखा १९३० च्या सुमाराचा, येरवड्याच्या तुरुंगवासातला. गांधीजी मुंबईत सूतकताईकडे वळले तो १९१८-१९ चा प्रसंग सांगताना तो चरखा पुढे ठेवलात तर काळ चुकेल. तेव्हाचा म्हणजे एक मोठं चाक आणि एक चाती (सुताला पीळ देणारी फिरती सळई) असलेला उभा चरखा. पेटीचरखा दाखवा, पण 'हा नंतरचा' असं सांगून.

प्रसंग गांधीजींच्या आत्मकथेत सविस्तर आहे. आजारपणात मुंबईत असताना त्यांना दोन कातणाऱ्या मिळाल्या. शेरभर सुताला एक रुपया घेत. हा शेर २८ तोळ्यांचा, म्हणजे आजचे सव्वातीनशे ग्रॅम. विजापूरच्या, म्हणजे गुजरातमधल्या विजापूरच्या दराशी ताडून पाहिल्यावर हे फार महाग पडतंय हे कळलं. बायका दर उतरवेनात, म्हणून काम थांबवलं. पण तोवर अवंतिकाबाई, रमीबाई कामदार, शंकरलाल बँकर यांच्या आई आणि वसुमतीबेन यांनी कातणं शिकून घेतलं होतं.

मग अडलं पेळूंपाशी, म्हणजे कातण्यासाठी पिंजलेल्या कापसाच्या वळ्यांपाशी. घरावरून रोज एक पिंजारी तार वाजवत जाई, तो गाद्यांचा कापूस पिंजणारा. त्याला वर बोलावलं, तर त्यानं पेळूंच्या पिंजणीचे दाम भरपूर सांगितले, आणि ते दिले गेले. मला विचाराल तर त्याचं फारसं चुकलं नाही. गादीला कापूस नुसता फुलला की झालं, गाठी राहिल्या तरी चालतं. कातायला एकेक तंतू सुटा लागतो. सरकीचा तुकडा किंवा गुठळी राहिली की तार तिथेच तुटते. शिवाय वेळ दुप्पट जातो.

प्रात्यक्षिकाला पेळू वीतभर लांब, बोटाएवढा जाड, सैलसर वळलेला घ्या. घट्ट वळला तर तंतू सुटत नाहीत. पावसाळ्यात पेळू दमट होऊन गुठळ्या येतात, तासभर उन्हात ठेवा. माळ, म्हणजे चाकावरून चातीला फिरवणारी दोरी, सैल असेल तर चाती घसरते, पीळ कमी बसतो आणि सूत तुटतं. माळेला थोडी राळ चोळली की पकड येते.

फेरी_गिरगाव
आभारी आहे. आतली मांडणी मूळचीच आहे का? आणि सगळी मुलं एकदम नेता येतील?

जुनी_मुंबई
तळमजल्यावर ग्रंथालय, पहिल्या मजल्यावर सभागृह, दुसऱ्यावर गांधीजींची खोली. पैकी ग्रंथालय, सभागृह आणि बाहुल्यांच्या देखाव्यांची दालनं ही स्मारक झाल्यानंतरची. जुन्या लाकडी घरात पुस्तकं खाली ठेवणंच शहाणपणाचं. आपल्या बांधकामाच्या मानकांत राहत्या खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला किमान ६००.

गांधीजींची खोली काचेआडून बघायची. बैठक, चरखे, बसकं लिहिण्याचं मेज. एका वेळी आठ-दहा मुलांना नीट दिसतं, मागची नुसती रेटारेटी करतात. चार गट करा. एक वर, एक देखाव्यांपाशी, एक पहिल्या मजल्यावर, एक खाली. आणि जिन्यावर वर जाणारे व उतरणारे एकमेकांत अडकणार नाहीत अशा वेळा लावा. फोटोला फ्लॅश बंद, आणि कॅमेरा काचेजवळ धरा, नाहीतर फोटोत गॅलरीचा उजेडच येतो. गच्चीवर जाऊ देतात का हे आधी फोन करून विचारा. ग्रँट रोड स्थानकाच्या पश्चिमेकडून चालत या. लॅबर्नम रोडवर बस उभी करायला जागा नसते.