मदत हवी आहे: एसएनएमपी (स्विचची हालहवाल दुरून विचारायची पद्धत) व्ही३ केल्यापासून दोन स्विच आळीपाळीने डाउन, पिंग मात्र चालू

मंडळी नमस्कार, सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात आहे, एक युनिट अक्कलकोट रोड एमआयडीसीत, दुसरं चिंचोळीला. नोकरी अकाउंटची, पण ह्याला कॉम्प्युटरचं कळतं म्हणून नेटवर्कपण माझ्याच गळ्यात.

आधी जो माणूस बघायचा त्याने मालकांना घरून दिसावं म्हणून टेलनेटचा (दुरून मशीनमध्ये शिरून हुकूम द्यायची जुनी सोय) २३ पोर्ट बाहेरून सरळ उघडा ठेवलेला. लॉग उघडला तर रात्रभर कोणीतरी रूट, ॲडमिन, रूट, ॲडमिन चालूच. टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच जातो हे माहीत होतं तरी पोटात गोळा आला.

मग टेलनेट बंद केलं, एसएसएच (तेच काम, पण कुलूपबंद) फक्त मॅनेजमेंट व्हीलॅनमधून, म्हणजे नेटवर्कच्या देखभालीपुरत्या वेगळ्या भागातून, आणि बाहेरून यायचं तर वायरगार्ड, म्हणजे व्हीपीएनचा कुलूपबंद बोगदा. चिंचोळीच्या राउटरला वॅन आयपी १००.७२ ने सुरू होणारा, म्हणजे सीजीनॅट (इंटरनेट कंपनी एकच बाहेरचा आयपी बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटते), तिथं पोर्ट फॉरवर्ड कितीही करा कोणी आत येणार नाही, हे कळायला माझे दोन दिवस गेले. शेवटी इथल्या युनिटला स्टॅटिक आयपी घेतला, चिंचोळीचा राउटरच इकडं जोडतो, बोगदा जिवंत राहावा म्हणून कीपअलाइव्ह २५ सेकंद. ते मस्त चाललंय.

घोळ पुढं आहे. जुन्या पीसीवर झॅबिक्स (सगळ्या मशीनवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम) आहे, एसएनएमपीच्या जुन्या व्ही२सी वर सगळं नीट दिसत होतं, पण कम्युनिटी (तिथला पासवर्डच म्हणा) ‘पब्लिक’ आणि तीपण उघडीच जाते म्हणून व्ही३ केलं, ऑथप्रिव्ह, म्हणजे ओळख तपासायला शा आणि मजकूर गुप्त ठेवायला एईएस. तेव्हापासून लूम शेडमधले दोन स्विच, एक हिरवा झाला की दुसरा लाल. पासवर्ड बघितला, एसीएल (कोणाला आत घ्यायचं ती यादी) बघितली, केबल बदलली. शेडमध्ये स्विचच्या पंख्यावर कापसाची लव इतकी बसलेली की बोटाने ओढली तर वातीसारखी निघाली, ब्लोअर मारला, तरी तेच. एरर येतो ‘नॉट इन टाइम विंडो’. एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवणारी सोय) दोघांचं घड्याळ बरोबर आहे हो!

प्रतिसाद १
टाइमआउट वाढवून बघा, १० सेकंद करा.

धागाकर्ता
केलं. आता लाल व्हायला जरा उशीर लागतो एवढंच.

प्रतिसाद २
एनटीपीचा इथं संबंध नाही. व्ही३ मधली वेळ म्हणजे स्विच किती वेळा बूट झाला आणि त्यानंतर किती सेकंद गेले. सर्व्हर हे आकडे इंजिन आयडीच्या (व्ही३ मधली स्विचची ओळख) नावाने लक्षात ठेवतो आणि फरक १५० सेकंदांच्या पुढं गेला की पॅकेट जुनं समजून नाकारलं जातं. दोन्ही स्विचचा इंजिन आयडी एकच असेल तर सर्व्हरला ते एकच मशीन वाटतं, एकाचे आकडे दुसऱ्याला लावत बसतो. दुसरा स्विच पहिल्याच्या बॅकअपवरून उभा केलाय का?

धागाकर्ता
केलाय की! फाइल तशीच चढवली, नाव आणि आयपी तेवढा बदलला. आता बघितलं, दोन्हीकडं आयडी अक्षर न् अक्षर सारखा. कपाळ.

प्रतिसाद २
एकाचा बदला. पण ध्यानात ठेवा, पासवर्डपासून जी गुप्त किल्ली (की) बनते ती इंजिन आयडीला बांधलेली असते, त्यामुळं आयडी बदलला की त्या स्विचवरचा व्ही३ युजर काढून परत बनवायला लागतो, नाहीतर ‘राँग पासवर्ड’ म्हणून अजून दोन दिवस जातील. मग झॅबिक्स सर्व्हर एकदा रिस्टार्ट करा, जुने आकडे कॅशमध्ये असतात.

धागाकर्ता
झालं साहेब! काल संध्याकाळपासून दोन्ही हिरवे. तुम्ही कधी इकडं आलात तर शेंगाचटणी माझ्याकडून.

एक शेवटचं, मालकांच्या फोनवर वायरगार्ड टाकलंय आणि अलाउड आयपीमध्ये फक्त झॅबिक्सचा आयपी दिलाय, स्विचवर ते जाऊ नयेत म्हणून. एवढं पुरे ना?

प्रतिसाद २
नाही. फोनमधलं ते सेटिंग फोनवाला कधीही बदलू शकतो, त्यानं फोन बोगद्यातून काय पाठवणार-घेणार एवढंच ठरतं. अडवायचं तर इथल्या राउटरच्या फायरवॉलमध्ये अडवा, मालकांच्या वायरगार्ड आयपीवरून फक्त झॅबिक्सचा वेब पोर्ट चालू, बाकी सगळं ड्रॉप. आणि झॅबिक्समध्ये त्यांचा युजर फक्त बघण्यापुरता ठेवा, ॲडमिनचा पासवर्ड मागितला तरी.