न्यू मेक्सिकोतल्या 'मेर्सेद' जमिनी: राजाने दिल्या, तहात राखल्या, मग गेल्या कुठे?

रानवारा

नमस्कार मंडळी. आम्ही तीन वर्षं झाली अल्बुकर्कीला राहतोय. मागच्या महिन्यात सांता फेहून ताओसला जाणाऱ्या डोंगरातल्या जुन्या रस्त्याने गेलो होतो, वाटेत लास त्राम्पास नावाचं एवढंसं गाव लागतं. तिथलं मातीच्या विटांचं जुनं चर्च बघायला थांबलो तर जवळच ओंडके कोरून केलेली पन्हळ दिसली, लाकडी टेकूंवर उभी केलेली, आणि तिच्यातून खळाळत पाटाचं पाणी पलीकडे चाललेलं. ओंडक्यांच्या सांध्यातून थेंब गळत होते आणि खाली तेवढंच हिरवंगार गवत. माझं आजोळ आठवलं, पाय निघेना तिथून.

शेजारी एक आजोबा कुंपणाची तार ओढत होते, त्यांच्याशी बोलणं निघालं. समोरच्या पाईनच्या डोंगराकडे हात करून म्हणाले ते सगळं आमचं होतं. मी विचारलं तुमच्या घराण्याचं का, तर म्हणाले नाही, गावाचं, राजाने दिलेली मेर्सेद होती. आता डोंगर फॉरेस्ट खात्याचा आहे आणि जळणासाठी लाकूड आणायचं तर परमिट काढावं लागतं. हे सांगताना आवाज जराही चढला नाही त्यांचा, म्हणून जास्तच लागलं मला.

घरी येऊन वाचलं तर मेक्सिकोशी युद्ध झाल्यावर हा मुलुख अमेरिकेकडे आला आणि १८४८ च्या तहात लोकांची मालमत्ता राखू असं अमेरिकेने कबूल केलेलं. मग जमिनी गेल्या कशा? आणि मुळात स्पेनच्या राजाने तरी द्यायच्या त्या कोणाच्या होत्या? कोणी नीट समजावेल का, घाई नाही, सविस्तर लिहा.

जुनीकागदं

रानवारा ताई, छान प्रश्न. माझा गेली काही वर्षं हाच नाद आहे त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी मेर्सेद म्हणजे काय ते. १६९२ नंतर स्पॅनिश लोक न्यू मेक्सिकोत परत आले (मधे बारा वर्षं त्यांना हाकलून लावलं होतं, ते कोणीतरी पुढे सांगेलच) तेव्हापासून गव्हर्नर राजाच्या नावाने जमिनी द्यायला लागला. काही एकेका माणसाला दिल्या आणि काही अख्ख्या गावाला. गावाची असेल तर पाचपन्नास कुटुंबं मिळून अर्ज करायची, मग तिथला आल्काल्दे, म्हणजे आपला मामलेदार समजा, जागेवर जाऊन बघायचा की पाणी आहे का, आधीच कोणाचा हक्क आहे का, शेजारच्या इंडियन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, गावाला त्रास होतो का. सगळं ठीक असेल तर ताबा द्यायचा प्रकार बघण्यासारखा होता. आल्काल्दे नव्या लोकांचा हात धरून त्यांना जमिनीवरून फिरवायचा, ते लोक गवत उपटायचे, दगड फेकायचे आणि राजाचा जयजयकार करायचे. झाला ताबा. हद्दी म्हणजे अमुक ओढा, तमुक टेकडी, पूर्वेला डोंगराचा माथा. मोजणी झालीच तर वारा नावाच्या मापाने, साधारण ३३ इंचांचा एक वारा. आणि साधारण चार वर्षं तिथे राहून जमीन कसल्याशिवाय ती विकायची परवानगी नसायची.

आता खरी गोष्ट. प्रत्येक कुटुंबाला घरापुरती जागा आणि पाटापासून नदीपर्यंत उतरणारी शेताची एक पट्टी मिळायची, ती त्याची स्वतःची. बाकी सगळं म्हणजे कुरण, जंगल, डोंगर, पाणवठे हे सामाईक, त्याला एहिदो म्हणायचे. गुरं तिथेच चरायची, घराला तुळया तिथूनच यायच्या आणि हिवाळ्याचं जळणही. शेताची पट्टी एवढीशी होती, त्या डोंगराशिवाय त्या पट्टीवर कोणाचंही घर चाललं नसतं हे लक्षात घ्या, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

लास त्राम्पास १७५१ चं आहे. गव्हर्नर वेलेस काचुपिनने सांता फेच्या १२ कुटुंबांना ती मेर्सेद दिली. त्यात सरकारचा स्वतःचा फायदा होता, कोमांचे या इंडियन जमातीच्या धाडी यायच्या, त्या सांता फेपर्यंत पोचायच्या आधी वाटेत कोणीतरी वस्ती करून अडवायला हवं होतं. म्हणजे त्या आजोबांच्या पूर्वजांनी त्या डोंगराची किंमत जिवावर उदार होऊन मोजलीय.

सातबारा

मी महसूल खात्यात आयुष्य काढलं, तेव्हा कागदाच्या बाजूने सांगतो.

ग्वादालुपे इदाल्गोचा तह २ फेब्रुवारी १८४८ चा. त्याच्या मसुद्यात दहावं कलम होतं, त्यात मेर्सेद जमिनींचं नाव घेऊन संरक्षण दिलेलं. अमेरिकन सिनेटने ते कलमच काढून टाकलं. मेक्सिकोने विचारल्यावर तिथल्या क्वेरेतारो शहरात लेखी खुलासा दिला की कलम काढलं तरी कायदेशीर हक्क रद्द होत नाहीत. पण हक्क कायदेशीर आहे हे सिद्ध कोणी करायचं, तर ज्याची जमीन त्याने! १८५४ ला सांता फेमध्ये सर्व्हेयर जनरल बसवला, त्याने कागद तपासायचे, काँग्रेसला शिफारस करायची, आणि काँग्रेसने मग सवडीने ठरवायचं. कित्येक दावे तिथे दशकं पडून राहिले. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १८५२ ला इनाम कमिशनचा कायदा आला आणि लोक सनदा शोधत धावले, ते डोळ्यासमोर आणा. दोन्हीकडे काळ एकच, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्यालाच पुरावा मागायची रीतही एकच.

आणि कागद तरी धड राहिले का? १८७० मध्ये गव्हर्नर विल्यम पाइलच्या कारकिर्दीत सांता फेच्या दप्तरखान्यातले जुने स्पॅनिश कागद रद्दीच्या भावात विकले गेले, दुकानदारांनी पुड्या बांधायला वापरले. लोकांनी आरडाओरडा केल्यावर काही परत मिळवले. मी स्वतः दप्तर सांभाळलंय, वाळवी लागलेल्या एका फेरफार वहीपायी एका कुटुंबाची काय परवड होते ते जवळून पाहिलंय, त्यामुळे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही.

पुढे १८९१ ला खास कोर्ट काढलं, ते १९०४ पर्यंत चाललं. न्यू मेक्सिकोतले दावे साधारण साडेतीन कोटी एकरांचे होते, मंजूर झाले वीस लाखांच्या आसपास. यात अव्वाच्या सव्वा आणि खोटे दावेही होते हे मान्य केलं पाहिजे. ॲरिझोनात जेम्स रीव्हिस नावाच्या माणसाने बनावट कागद करून सुमारे सव्वा कोटी एकरांवर दावा ठोकला होता, तो तर तुरुंगात गेला. पण सगळ्यात मोठा घाव घातला तो १८९७ च्या सँडोव्हल खटल्याने. सान मिगेल देल बादो नावाची मेर्सेद, १७९४ ला ५२ जणांना मिळालेली, दावा ३,१५,००० एकरांचा. सुप्रीम कोर्ट म्हणालं की सामाईक जमीन गावाची कधी नव्हतीच, ती राजाची होती, राजाकडून मेक्सिकोकडे गेली आणि मेक्सिकोकडून आमच्याकडे आली. गावाला उरले जेमतेम ५,००० एकर, फक्त घरं आणि शेतं. गायरान सरकारजमा. ताई, तुमच्या आजोबांना 'आमचं' म्हणजे काय म्हणायचं होतं ते त्या कायद्याच्या चौकटीत बसतच नव्हतं. तिथे जमिनीला एक मालक लागतो, नाहीतर ती सरकारची.

जुनीकागदं

सातबारा साहेब, एक भर घालतो. लास त्राम्पास सँडोव्हलमुळे नाही गेलं, त्याची मेर्सेद १८६० लाच काँग्रेसने मंजूर केली होती. ते गेलं वाटणीच्या दाव्यात. १८७६ ला तिथे असा कायदा झाला की सामाईक जमिनीतला कोणीही एक हिस्सेदार कोर्टात जाऊन वाटणी मागू शकतो, आणि डोंगराची सरळ वाटणी कशी करणार, मग कोर्ट म्हणणार लिलाव करा आणि पैसे वाटा. ज्यांना इंग्रजी कळत नव्हतं, ज्यांच्याकडे रोकड नव्हती त्यांनी लिलावात काय बोली लावायची? १९०३ ला त्राम्पासचा डोंगर असाच लिलावात गेला आणि पुढे फिरत फिरत फॉरेस्टकडे.

वकिलांची फी हा दुसरा भाग. लोकांकडे पैसे नव्हते म्हणून वकील जमिनीतच हिस्सा घ्यायचे, बऱ्याचदा तिसरा हिस्सा. म्हणजे दावा जिंकला तरी गावाचा एक तृतीयांश डोंगर गेला, आणि मग तोच वकील हिस्सेदार म्हणून वाटणी मागायला मोकळा. थॉमस कॅट्रन या वकिलाचं नाव यात सारखं येतं. तिएर्रा आमारिया ही १८३२ ची, मेक्सिकोच्या काळातली मेर्सेद, जवळजवळ सहा लाख एकर, ती मंजूर करताना एकाच घराण्याची खाजगी म्हणून मंजूर केली, तिथे राहणाऱ्या बाकी लोकांचे चराईचे हक्क कागदावरून गेले आणि कॅट्रनने ती खरेदी करत आणली.

आणि याच्या शेजारी मॅक्सवेल नावाच्या मेर्सेदचं प्रकरण ठेवून बघा. १८४१ ला गव्हर्नर आर्मिहोने दोन माणसांना दिलेली जमीन. मेक्सिकोच्या कायद्याने माणशी ११ चौरस लीग (एक लीग साधारण अडीच मैलांची) ही मर्यादा, म्हणजे दोघांचे मिळून एक लाख एकरही होत नाहीत. ती मोजून निघाली १७ लाख एकर, आणि १८८७ ला सुप्रीम कोर्टाने तशीच कायम केली! तोवर ती परदेशी भांडवलाच्या कंपनीकडे होती. हे दोन आकडे, १७ लाख आणि ५ हजार, माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मातीचीभांडी

सगळं बरोबर आहे पण ताईंचा दुसरा प्रश्न मागेच राहिला. जमीन आधी कोणाची होती?

स्पेनच्या ओन्यातेने १५९८ मध्ये इथे वसाहत केली तेव्हा रिओ ग्रांदेच्या काठाने प्वेब्लो लोकांची मोठमोठी गावं होती, शेती होती, पाट होते. पहिली ऐंशी वर्षं स्पॅनिशांनी त्यांच्याकडून मका आणि कापड खंडणी म्हणून घेतलं, वेठबिगार करून घेतली, त्यांचे देव जाळले. १६८० ला पोपे नावाच्या माणसाने दोऱ्यांना गाठी मारून गावोगाव निरोप धाडला, रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठाव. अख्खा न्यू मेक्सिको त्यांनी रिकामा करून घेतला. म्हणून परत आल्यावर स्पॅनिशांना जरा नमतं घ्यावं लागलं, खंडणीची पद्धत परत आली नाही आणि प्वेब्लोंच्या गावांना चारी दिशांना एकेक लीग जमीन मान्य झाली, म्हणजे सतरा हजारांहून थोडी जास्त एकर. पण जी जमीन त्यांच्या पिढ्या वापरत होत्या तिच्यापुढे हे काहीच नाही. आजोबांचं दुःख खरं आहेच, तरी त्या डोंगरात त्यांच्या आधीचेही लोक शिकारीला आणि देवाला जात होते, ते विसरून ही गोष्ट सांगू नये असं मला मनापासून वाटतं.

मधलेही लोक आहेत. हेनिसारो म्हणून. वेगवेगळ्या जमातींतून पळवून आणलेले, विकत घेतलेले, स्पॅनिश घरात नोकर म्हणून वाढलेले इंडियन. त्यांना १७५४ ला अबिक्यू इथे स्वतःची मेर्सेद मिळाली, धाडींच्या तोंडावर अर्थात. आणि ती टिकली. आजही साडेसोळा हजार एकरांच्या आसपास जमीन गाव स्वतः सांभाळतं. तुम्हाला जिवंत मेर्सेद बघायची असेल तर तिथे जा, फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

फोंड्याचो

वाचताना आमच्या गोव्याची गांवकरी, म्हणजे पोर्तुगीज कागदातली कोमुनिदाद, सारखी आठवत होती. गावची जमीन गांवकारांची सामाईक, शेतं पावणीला, म्हणजे लिलावाने, लावायची, खर्च वजा जाता उरेल त्याचा झोण, म्हणजे वाटा, गांवकारांना वाटायचा. पोर्तुगीजांनी १५२६ लाच तो रिवाज फोराल म्हणून लिहून काढला आणि मानला (स्वतःचा सारा वसूल व्हावा म्हणूनच). १५८० ते १६४० स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, म्हणजे ओन्याते न्यू मेक्सिकोत गेला तेव्हा तोच राजा गोव्याचाही. पण लिहून ठेवलेलं आणि वहिवाटीवर सोडलेलं यात केवढा फरक पडतो.

एक विचारायचं होतं, लोकांनी विरोध केलाच नाही का?

जुनीकागदं

केला तर. १८८९-९० ला लास वेगासच्या आसपास (हे न्यू मेक्सिकोतलं, जुगाराचं नव्हे) 'गोरास ब्लांकास', पांढऱ्या टोप्यावाले, रात्री घोड्यांवरून येऊन सामाईक कुरणावर घातलेली काटेरी कुंपणं मैलच्या मैल तोडायचे. मग १९६३ ला रेयेस तिखेरिनाने मेर्सेदींच्या वारसांची संघटना काढली आणि ५ जून १९६७ ला त्याच्या माणसांनी तिएर्रा आमारियाच्या कोर्टावर सशस्त्र धाड घातली, दोन अधिकारी गोळीने जखमी झाले. ते मला पटत नाही, पण त्यानंतरच देशाच्या पेपरात हा प्रश्न आला हेही खरं. २००४ ला राज्याने गावांच्या मेर्सेदींना स्थानिक संस्था म्हणून दर्जा दिला. गेलेली जमीन मात्र परत आलेली नाही.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. मातीचीभांडी, तुमचं खास, मी ते विचारून स्वतःच विसरले होते. अबिक्यूला नक्की जाईन.

अजून एकच. त्या पन्हळीचं पाणी कोण बघतं? जमीन गेली तरी पाट कसा राहिला?

पाटकरी_धुळे

इतके दिवस नुसतं वाचत होतो, पण हे माझ्या विषयाचं आहे. आमच्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत होती, बंधारा, पाट, फड, आणि पाणी द्यायला पाटकरी. तुमच्याकडे पाटाला असेकिया म्हणतात. शब्द मूळ अरबी, साकिया, आपल्या गझलेतला साकीही त्याच धातूचा, पाणी पाजणारा. पाटाचा मुख्य तो मायोर्दोमो, आणि ज्यांचा पाण्यात हिस्सा ते परसियांते. पाण्याची पाळी मायोर्दोमो लावतो. पाट राहिला कारण तो शेतांच्या पट्ट्यांना बांधलेला आहे, पट्ट्या लोकांच्या नावावर राहिल्या म्हणून पाटही त्यांच्याकडेच राहिला. पण पाण्याचा उगम त्या गेलेल्या डोंगरात, बर्फ तिथेच साठतं, त्यामुळे वरचं जंगल कोण कसं राखतंय याची काळजी खालच्यांना कायमची.

दरवर्षी वसंतात, पाणी सोडायच्या आधी, सगळे मिळून पाट साफ करतात. मायोर्दोमो काठीने मोजून प्रत्येकाला तुकडा नेमून देतो, मग गाळ आणि विलोची मुळं काढत पुढे सरकायचं. हिस्सेदाराने स्वतः यायचं नाहीतर माणूस पाठवायचा. त्या आजोबांना पुन्हा भेटलात तर तारीख विचारून ठेवा, आणि जाताना स्वतःचं फावडं न्या.