रंग भिंतीचा की दिव्याचा?
‘स्टार ट्रेक’च्या सेटचं थ्रीडी मॉडेल संगणकावर करताना मालिकेच्या फ्रेममधून रंग उचलून तोच टेक्स्चरला, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागाला, द्यावा, असं एक मत इथे मांडलं गेलं; ते पटलं नाही. त्यातलं सेटच्या मापांबद्दलचं बाकी सगळं मान्य. १९६६ च्या मूळ ‘स्टार ट्रेक’मध्ये एंटरप्राइज या अवकाशयानाच्या भिंती बहुतेक करड्याच होत्या. पडद्यावर दिसणारा जांभळा, हिरवा, लाल हा दिव्यांवरच्या रंगीत जेलचा, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या पारदर्शक रंगीत पट्ट्यांचा. छायाचित्रकार जेरी फिनरमन यांचं ते काम, आणि काय सुंदर काम! मी माझ्या मॉडेलमध्ये यानाचा कॉरिडॉर करताना भिंतही जांभळी रंगवली, वर दिवाही जांभळा लावला. सगळं गढूळ झालं. करडा मॅट रंग ठेवून फक्त दिवे बदलले, तेव्हा तीच भिंत प्रसंगागणिक वेगळी दिसायला लागली.

ब्रिजचं, म्हणजे यानाच्या नियंत्रण कक्षाचं, आणखी एक. तो सेट पाचरीसारख्या सुट्या भागांचा होता, कॅमेऱ्यासाठी हवा तो भाग काढता यायचा. चहूबाजूंनी बंद मॉडेलमध्ये मालिकेत दिसतो तसा प्रकाश येणारच नाही. रेंडर करताना, म्हणजे मॉडेलचं अंतिम चित्र तयार करताना, एक पाचर लपवून बघा.